छंदगटाची वेबसाइट: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

‘वेबसाइट करायची म्हणजे वर्षाला दहा-पंधरा हजार तरी हवेत,’ असं गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच मिटतो. हे खरं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावससारख्या गावात पक्षी पाहणारी, जुनी नाणी जमवणारी किंवा कातळशिल्पांच्या शोधात सड्यावर हिंडणारी वीस-पंचवीस माणसं एकत्र आली असतील, तर त्यांची साइट वर्षाला हजार-दीड हजार रुपयांत व्यवस्थित चालते. माणशी पन्नास-साठ रुपये वर्गणी झाली. खरी काळजी पैशाची नसते. साइट कुणाच्या नावावर आहे आणि तिच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, ही खरी काळजी. आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

त्याआधी एक आक्षेप. ‘व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, साइट हवी कशाला?’ उद्या सकाळी साडेसहाला गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर भेटू, एवढं कळवायला ग्रुप उत्तम. पण पूर्णगडाखाली मुचकुंदीच्या मुखाशी कुठल्या महिन्यात कुठले पक्षी उतरले, ही नोंद ग्रुपवर आठवडाभरात वर सरकून जाते. गूगलला ती सापडत नाही, नव्या सभासदाला दिसत नाही. छंदातल्या नोंदी केवढ्या मोलाच्या ठरू शकतात, हे रत्नागिरी जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातळशिल्पांसाठी सडे पायाखाली घातले, गावोगावच्या जाणत्या माणसांना विचारलं, चित्रं मोजली, टिपून ठेवली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, बारसू, कशेळी अशा ठिकाणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि दुसऱ्याच्या अंगणात मांडलेल्या पसाऱ्याचं काय होतं, ते ऑर्कुटवर रमलेल्या पिढीनं पाहिलंय. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. मराठी कम्युनिटींमधल्या गप्पा, माहिती, फोटो काही काळ जुन्या साठ्यात दिसत राहिले, मग तेही गेले.

सगळ्यात जास्त घोळ डोमेन आणि होस्टिंग या दोन शब्दांचा होतो. पुष्कळांना ती एकच वस्तू वाटते, कारण विक्रेते दोन्ही एकाच गाठोड्यात विकतात. डोमेन म्हणजे साइटचं नाव, .इन किंवा .कॉमवाला पत्ता. होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ठेवायची जागा. डोमेन हा सातबारा आणि होस्टिंग ही भाड्याची खोली. खोली कधीही बदलता येते, अगदी फुकटातही मिळते. सातबाऱ्यावर नाव मात्र आपलंच हवं. .इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतात, विक्रेत्यागणिक कमीजास्त. छंदगटानं एवढा एकच खर्च टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

तो टाळायला निघालेल्यांचं काय झालं तेही पाहा. .टीके, .एमएल, .जीए ही डोमेनं फ्रीनॉम नावाची कंपनी फुकट वाटायची. मेटा कंपनीनं तिच्यावर दावा गुदरला, २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि २०२४ मध्ये कंपनीनं या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी ती नावं पत्रकांवर आणि फलकांवर छापली होती, त्यांना नवं नाव शोधण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

.ऑर्ग घ्यायला संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली लागते, असंही अनेक जण मानतात. लागत नाही. .ऑर्ग, .इन, .कॉम कुणालाही घेता येतात. .गव्ह.इन किंवा .एसी.इन अशा मोजक्या नावांवरच बंधन आहे. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळानंही निर्धास्त डोमेन घ्यावं.

आता जाहिरातींतले दर. ‘महिना फक्त ९९ रुपये’ या ओळीखाली बारीक अक्षरांत जे असतं त्यानं खजिनदारांना घाम फुटतो. हा दर सहसा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. उदाहरणादाखल हिशेब करू. ९९ रुपयांप्रमाणे ४८ महिन्यांचे ४,७५२ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,६०७ रुपये पहिल्याच दिवशी. मुदत संपली की नूतनीकरणाचा दर वेगळा. तो महिना २९९ असेल, तर करासकट वर्षाला ४,२३४ रुपये. लबाडी म्हणावी असं यात काही नाही, अटी लिहिलेल्या असतात. पण बैठकीत निर्णय घेताना पहिल्या वर्षाचा भाव पाहायचाच नाही. नूतनीकरणाचा भाव करासकट विचारायचा आणि तोच ठरावात लिहायचा. ‘पहिलं वर्ष डोमेन मोफत’ याचाही अर्थ एवढाच की दुसऱ्या वर्षापासून पूर्ण पैसे.

‘अमर्याद जागा, अमर्याद वापर’ हाही त्याच जाहिरातीतला शब्द. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट ठेवलेल्या असतात, तिथं अमर्याद काही असू शकत नाही. मर्यादा दुसऱ्या नावानं येते: एकूण फायलींची संख्या, प्रोसेसरचा वेळ, ‘योग्य वापरा’चं कलम. मुळात आपल्याला लागतं किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावं. वेबसाठी लहान केलेला फोटो साधारण २०० केबीचा. असे ५०० फोटो म्हणजे १०० एमबी. महिन्याला हजार माणसं आली, प्रत्येकानं तीन पानं पाहिली आणि एकेक पान २ एमबीचं धरलं, तरी महिन्याचा वापर ६ जीबी होतो. गिटहब पेजेसच्या मोफत होस्टिंग सेवेतली मर्यादा आहे साइटला १ जीबी जागा आणि महिन्याला १०० जीबी वापर. छोट्या गटाला हे आयुष्यभर पुरेल.

यावर लगेच शंका येते की फुकट ते फसवं. काही ठिकाणी ती रास्त आहे. अनोळखी मोफत होस्टिंगवाले पानावर वाटेल त्या जाहिराती चिकटवतात आणि एक दिवस गायब होतात. पण गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गूगल साइट्स यांचं तसं नाही. मोठ्या ग्राहकांकडून पैसा मिळवणाऱ्या या कंपन्यांना छोट्या साइटचं ओझं जाणवत नाही, कारण तिथल्या साइट स्थिर पानांच्या असतात: फाइल जशी ठेवली तशी दाखवायची, मागं डेटाबेस नाही. उद्या त्यांनीही धोरण बदललं तर? म्हणून तर डोमेन स्वतःचं. फायली उचलायच्या, दुसरीकडे ठेवायच्या, पत्ता तोच. गूगल साइट्सवरून मात्र पानं जशीच्या तशी उचलता येत नाहीत, मजकूर नव्यानं मांडावा लागतो. तरीही संगणकाशी फारशी ओळख नसलेल्या सभासदांनी साइट सांभाळायची असेल, तर मी गूगल साइट्सच सुचवेन, मूळ मजकूर आणि फोटो वेगळे जपण्याच्या अटीवर. गटात एखादी शिकायला तयार मुलगी किंवा मुलगा असेल तर गिटहब.

‘साइट म्हणजे वर्डप्रेसच’ हा समजही यातून दूर होतो. वर्डप्रेस उत्तम आहे, पण स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस सतत लक्ष मागतं. त्याची आणि त्याच्या प्लगइनची अद्यतनं वेळेवर केली नाहीत तर साइटमध्ये घुसखोरी होते, आणि पक्ष्यांच्या नोंदींच्या जागी भलत्याच औषधांच्या जाहिराती झळकतात. सभासदांना स्वतः लिहून टाकता यावं, नावनोंदणी घेता यावी, अशी खरी गरज असेल तरच त्या वाटेला जावं.

सुरक्षेच्या कुलपासाठीही वेगळे पैसे लागत नाहीत. पत्त्याआधी एचटीटीपीएस असावं लागतं. २०१८ पासून क्रोम त्याविना चालणाऱ्या साइटला ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र एसएसएल म्हणून काही विक्रेते वर्षाला हजार-दोन हजारांना विकतात. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ च्या अखेरीपासून ते सर्वांना मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगवर ते आपोआप बसतं, आपोआप नवं होतं. आपल्यासारख्या साइटला विकतचं प्रमाणपत्र जास्त सुरक्षा देत नाही.

वेगाबद्दल म्हणतात, सर्व्हर भारतातच हवा. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन परत यायला संदेशाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग किंवा थोडा जास्त वेळ लागतो. मुंबईतला सर्व्हर असेल तर हा वेळ वाचतो, आणि क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा मुंबईतूनही पानं पुरवतात. पण सड्यावर रेंज एका काडीवर आलेली असताना साइट उघडत नाही, तेव्हा दोष बहुधा फोटोंचा असतो. मोबाइलमधला फोटो सहज ४ एमबीचा असतो. असे चाळीस एका पानावर टाकले की १६० एमबी. तेच २०० केबीचे केले की ८ एमबी. साइट वेगवान करायचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. शिवाय फोटोच्या फाइलमध्ये तो कुठं काढला याचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. समुद्री गरुडाच्या घरट्याचा किंवा अजून संरक्षण न मिळालेल्या कातळशिल्पाचा नेमका ठावठिकाणा असा नकळत जगजाहीर होऊ नये. फोटो लहान करतानाच ही माहिती काढून टाकायची सोय बहुतेक साधनांत असते, ती वापरावी.

मराठी साइटला वेगळं होस्टिंग लागतं, ही भीती जुन्या फाँटच्या काळातली. तेव्हा वाचणाऱ्याकडे तोच फाँट नसला की पानभर अगम्य अक्षरं दिसायची. युनिकोडनं तो प्रश्न मिटवला, मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवला की पुरे. पत्ताही देवनागरीत घेता येतो, ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळतं. मला ते मनापासून आवडतं. पण अनेकांच्या कीबोर्डवर ते पटकन टाइप होत नाही आणि काही ठिकाणी ईमेलला अडतं, म्हणून मुख्य पत्ता .इन ठेवून देवनागरी पत्ता जोडीला घ्यावा.

कुणी उत्साही सभासद म्हणतो, माझ्या घरच्या जुन्या संगणकावरच ठेवू साइट, फुकटात काम. शिकण्यासाठी जरूर करावं, गटाची साइट त्यावर ठेवू नये. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे इथं राहणाऱ्याला ठाऊक आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्याच्या उत्तरेला मंडणगड-दापोलीकडची कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून आपल्या संगणकापर्यंत थेट पोचताच येत नाही.

आता किल्ल्यांचं. कोकणातल्या छोट्या गटांत साइट बहुधा कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा करून देतो. डोमेन त्याच्या नावावर, खातं त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. मग तो नोकरीला मुंबईला किंवा पुण्याला जातो. त्याचा यात काही दोष नाही, त्यानं वेळ दिला म्हणून तर साइट उभी राहिली. पण नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येते आणि न वाचताच पडून राहते. मुदत संपली की साइट दिसेनाशी होते. सुरुवातीचे काही दिवस नेहमीच्या दरात नाव सोडवता येतं, त्यानंतर महिनाभर कितीतरी जास्त पैसे भरून, आणि मग ते बाजारात मोकळं होतं. अशी सुटलेली नावं उचलून त्यावर जुगाराची पानं लावणारे टपूनच बसलेले असतात. होस्टिंगच्या दोन-तीन हजारांवर तासभर वाद घालणारे आपण या गोष्टीवर पाच मिनिटं देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय बिनखर्चाचा आहे. गटाचं स्वतंत्र ईमेल खातं उघडायचं आणि डोमेन, होस्टिंग सगळं त्यावरच नोंदवायचं. डोमेनच्या नोंदणीत गटाचं नाव आणि गावात राहणाऱ्या पदाधिकाऱ्याचं नाव द्यायचं. खात्यात शिरायचा मार्ग किमान दोघांकडे हवा. दुहेरी पडताळणीचे राखीव कोड छापून पाकिटात बंद करून खजिनदाराकडे ठेवायचे. पदाधिकारी बदलले की दप्तराबरोबर हे पाकीटही हाती द्यायचं आणि पासवर्ड बदलायचा. डोमेन दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येतं. गटाकडे थोडी शिल्लक असेल तर पाच वर्षांचं घेऊन टाकावं. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे ठेवलं तर एकाशी बिनसलं म्हणून दुसरं अडकत नाही. दुसऱ्याकडे नेण्यासाठी लागणारा गुप्त कोड विक्रेत्यानं द्यायचाच असतो. तो कसा मिळतो, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

‘बॅकअप कंपनी घेतेच’ यावर मात्र कुणी विसंबू नये. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर आगीत भस्मसात झालं. लाखो साइट बंद पडल्या, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा कित्येकांच्या हाती काहीच उरलं नाही. बहुतेक होस्टिंगच्या अटींत बॅकअपची अंतिम जबाबदारी ग्राहकावरच टाकलेली असते. छोट्या साइटचा सगळा ऐवज पेन ड्राइव्हमध्ये मावतो. दर तीन महिन्यांनी फायली उतरवून घ्याव्यात आणि एक प्रत पावसला ठेवावी. किनारपट्टीवरच्या दमट हवेत पेन ड्राइव्ह दगा देऊ शकतो, म्हणून दुसरी प्रत घाटावर किंवा मुंबईत राहणाऱ्या सभासदाकडे द्यावी. वर्षातून एकदा दोन्ही प्रती उघडून, चार फोटो आणि चार पानं खरोखर दिसतात का ते पाहावं.