मेणाची नक्षी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया करतात. त्या भट्टीला दीड हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. मेण मात्र साठ-पासष्ट अंशांवरच पातळ होते. बाटिकची सारी किमया मेणाच्या या गुणावर उभी आहे.

बाटिक जावा बेटात फार भरभराटले. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली तिकडे जाऊन आले. शांतिनिकेतनातही ही कला रुजली.

घरी करून पाहायचे आहे ना? मग पांढरे सुती कापड धुऊन त्याची खळ काढा, नाही तर रंग नीट धरत नाही. पॅराफीन आणि मधमाश्यांचे मेण एकत्र करून भांडे उकळत्या पाण्यात ठेवा; थेट जाळावर नको. मेण पेटलेच तर पाणी ओतू नका, झाकण घाला.

ब्रशाने नक्षी काढून कापड उलटून पाहा. मेण मागे उतरले नसेल, तर ते पुरेसे तापलेले नाही. रंग थंड पाण्यातलाच हवा. कढत रंगात मेण सुटते नि नक्षी बुडते. नवखा माणूस बहुधा इथेच फसतो! आधी फिका रंग, मग गडद. शेवटी कापड उकळा, म्हणजे मेण वर तरंगेल. ते पाणी मोरीत ओतू नका, मोरी तुंबेल. निवल्यावर मेणाची साय काढून ठेवा.

मेणाला तडे गेले, तर हिरमुसू नका. त्या चिरांतून शिरलेल्या रंगाच्या रेषा हीच आपल्याकडे बाटिकची शोभा मानतात.