काटेकोरपणाचे अर्थशास्त्र

काटेकोरपणा हा आपल्या समाजात फारसा लोकप्रिय गुण नाही. कागद दोनदा वाचणाऱ्या कारकुनास 'किस पाडणारा' म्हणतात. मापे पुन्हा घेऊ म्हणणाऱ्या अभियंत्यावर कामाचा खोळंबा केल्याचा ठपका येतो. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ती कपटाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. कपट नसतानाही, केवळ दुर्लक्षामुळे, एका अक्षराने वा एका शून्याने माणसाचा संसार उलटापालटा होऊ शकतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या परिसराचे उदाहरण घ्यावे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. भातखाचरे, वरकस जमीन आणि जंगल यांच्या आधाराने येथील कुटुंबे जगत आली. शेतकऱ्याला जमीन दिसते. कायद्याला मात्र दिसतो तो सात-बाराचा उतारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकलेली नोंदही तोवर खरीच! 0.40 हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर. त्याजागी 0.04 असे लिहिले गेले, तर चाळीस गुंठ्यांचे शेत कागदावर चार गुंठ्यांचे होते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय कलम 155 मध्ये आहे, हे खरे. परंतु ज्याच्या हातून शून्य चुकले त्याचा क्षणही खर्ची पडलेला नसतो; ज्याचे शेत चुकले त्याला मात्र मजुरी बुडवून तालुक्याचे हेलपाटे घालावे लागतात.

तारखेचेही तसेच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी कुटुंबास कसत्या वनजमिनीवर हक्क मागता येतो, तो 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा असेल तरच. पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम खरा असला, तरी दाव्याच्या कागदावर ही तारीख नीट सिद्ध झाली नाही, तर तो घाम कायद्याला दिसत नाही.

एका शब्दाने किती उलथापालथ होते, हे खाजगी वनांच्या प्रकरणाने दाखविले आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमान्वये 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी वने शासनाकडे निहित झाली. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 (3) खाली ज्या जमिनीबाबत नोटीस 'काढण्यात आली', ती जमीनही 'खाजगी वन' या व्याख्येत आली. प्रश्न असा की, नोटीस केवळ काढली म्हणजे पुरे, की ती मालकाच्या हाती पोहोचली पाहिजे? 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने नोटीस निघाली एवढे पुरेसे मानले होते. 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरविला आणि नोटीस बजावली जाणे आवश्यक मानले. दरम्यान मुंबई-ठाणे परिसरात उभ्या राहिलेल्या घरांतील असंख्य रहिवाशांच्या मालकीवर टांगती तलवार राहिली. 1956-57 च्या सुमाराच्या नोटिसांची बजावणी तेव्हाच चोख होऊन तिची नोंद राहती, तर अर्ध्या शतकानंतरचा बराचसा वाद टळला असता.

कायद्यातील चूक वर्षानुवर्षे छळते; अभियांत्रिकीतील चूक पळभरात जीव घेते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. पोलादाच्या टंचाईमुळे धरणाच्या पोटातील जलमार्गासाठी सलोह काँक्रीटऐवजी साधे काँक्रीट वापरले गेले होते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताणासाठीच त्यात पोलाद घालावयाचे असते. हे विद्यार्थ्याच्या पहिल्या धड्यातले ज्ञान होय. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. मुदतीपुढे आणि टंचाईपुढे तपशील गौण ठरला, ही ती उणीव होती. शहापूर तालुक्यातच, सरळांबे येथे, 1 ऑगस्ट 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि 20 जण मृत्युमुखी पडले. अशा कामात तपासणीचा प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी प्राणाशी जोडलेला असतो, याचे याहून दारुण स्मरण कोणते असणार?

मग सर्वांना पटणारी ही गोष्ट आचरणात का उतरत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. तपासणीचा खर्च आज पडतो आणि तो करणाऱ्याच्या माथी पडतो. चुकीचा खर्च उद्या पडतो आणि बहुधा तिसऱ्याच्याच माथी पडतो. आखणी एकाची, उतावीळ दुसऱ्याची, पूर मात्र नदीकाठच्या वस्तीत. जोवर लाभ आणि तोटा असे वेगवेगळ्या खिशांत जातात, तोवर 'चालायचेच' ही वृत्ती सुटणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीखाली ती तपासणाऱ्याची स्वाक्षरी असावी आणि चूक झाल्यास दुरुस्तीचा भार चुकणाऱ्या कार्यालयाने उचलावा; नागरिकाने नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. काटेकोरपणाच्या नावाखाली दप्तरदिरंगाईच माजेल, असे कोणी म्हणेल. परंतु या दोन गोष्टी एक नव्हेत. शिधापत्रिकेवर एक ऱ्हस्व-दीर्घ वेगळा दिसला म्हणून गरिबाचा अर्ज फेकून देणे, हा काटेकोरपणा नसून जबाबदारीतून काढलेला पळ होय. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'ठाकूर' आणि 'ठाकर' ही दोन्ही रूपे लिहिली आहेत. लोक कसे बोलतात याचे भान यादीत उतरले, म्हणून त्या एका स्वरापायी कोणाचा हक्क अडण्याचे कारण उरले नाही. खरा काटेकोरपणा असा माणसाच्या बाजूने उभा राहतो.

ही सवय कचेरीत वा धरणावर लागत नाही. ती त्याआधी, वर्गात लागते. उत्तर बरोबर पण एकक चुकले, तर गुण कापणारा शिक्षक मुलांना कठोर वाटतो. उद्या त्याच मुलांतून तलाठी, वकील आणि अभियंते व्हावयाचे आहेत. त्यांच्या हातून सुटलेल्या एका शून्यापेक्षा आज कापलेला अर्धा गुण पुष्कळ स्वस्त आहे.