भुईआवळ्याने कावीळ बरी होते का?

सेनगाव तालुक्यातील पुसेगाव असो की मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव, पावसाळा लागला की बांधावर आणि पिकांच्या ओळींत भुईआवळा उगवतो. पानांच्या खाली बारीक हिरवी फळे धरणारे हे तण काविळीचे औषध म्हणून अनेक घरांत ठाऊक असते. डोळे पिवळे दिसले की दवाखान्याआधी त्याची आठवण होते.

गुण येतो, हा अनेकांचा अनुभव खोटा नसतो. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे औषध घेतले असेल, त्याला श्रेय मिळते.

हिपॅटायटिस बी मात्र वेगळा. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे लपून राहतो आणि पुढे यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग होऊ शकतो.

या विषाणूचा शोध लावून १९७६ साली नोबेल मिळवणारे बारूच ब्लूमबर्ग यांनी भुईआवळ्याकडे गांभीर्याने पाहिले. प्रयोगशाळेत त्याच्या अर्काने विषाणूच्या एका विकराला अटकाव केला. मग मद्रासचे एस. पी. त्यागराजन आणि ब्लूमबर्ग यांच्या गटाने रुग्णांवर चाचणी केली. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : महिनाभर भुईआवळा घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागावरील घटक नाहीसा झाला. नकली औषध घेतलेल्या २३ जणांत असे एकाच्याच बाबतीत घडले. जगभर आशा निर्माण झाली. परंतु नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत असा गुण दिसला नाही. सारख्या दिसणाऱ्या जाती अनेक, आणि जागा व हंगामानुसार वनस्पतीतील द्रव्यांचे प्रमाणही बदलते. शिवाय परीक्षानळीत विषाणू रोखणारे द्रव्य पोटात गेल्यावर रक्तात पुरेसे पोहोचेलच असे नाही.

वनस्पतीपासून औषध बनते, पण मधला रस्ता लांब असतो. गोडा मसाल्यातले चक्रीफूल घ्या. त्यातील शिकिमिक आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया करून ओसेल्टामिवीर तयार करता येते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात ज्या गोळ्या दिल्या, त्या याच औषधाच्या. म्हणून चक्रीफुलाचा काढा पिऊन फ्लू बरा होत नाही. मूळ आम्लात तो गुणच नाही.

तेव्हा कावीळ झाली की आधी रक्त तपासून ती कोणत्या विषाणूची आहे, की पित्तमार्गातील खड्यासारख्या दुसऱ्या कारणाची, हे पाहावे. गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास, किंवा रुग्णाला गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव वा सततची उलटी असल्यास एक दिवसही थांबू नये. हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो. हिपॅटायटिस बी विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आज आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात.

प्रतिबंधक लसही आहे, आणि तिचा पाया ब्लूमबर्ग यांच्याच संशोधनाने घातला. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत तिचा पहिला डोस मिळाला की नाही, हे प्रत्येक घराने विचारून घ्यावे.