ओसरीवरचे पंधरा प्रश्न

पहाटे 5.30
पुण्यातून गाडी निघते. सोबत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची मुलं, प्रश्नावल्यांचा गठ्ठा, बीपीचं यंत्र. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या साठीपुढच्या माणसांचं मन तपासायचं आणि ते कसं तपासायचं हे मुलांना शिकवायचं.

7.15, शिक्रापूर
चहा होईपर्यंत मी मुलांना जवळच्या वढू बुद्रुकबद्दल सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी 1970च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. 2002पासून परिसरातल्या गावांत जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर नोंद होऊ लागली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेज’ हा वार्धक्यावरचा अभ्यासही इथे झाला. मुलांनी हे ऐकलेलं नसतं.

8.00, मळ्यातली वस्ती
गावठाणापासून लांब, उसाला लागून घर. मुलगा रांजणगाव एमआयडीसीतून रात्रपाळी करून झोपलेला, सून कांद्याच्या लागणीला निघण्याच्या बेतात. संमतिपत्रावर अंगठा म्हटल्याबरोबर आजी हात पदराखाली घेतात. “सातबाऱ्याचं काय न्हाई ना त्यात?” कागदावर अंगठा उठवून जमिनी गेलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. सोबत आलेल्या गावच्या आशा कार्यकर्त्या, आशाताई, सगळा कागद वाचून दाखवतात, साक्षीदार म्हणून सही करतात. घाई करू नकोस, असं मी विद्यार्थिनीला खुणावते.

वार्धक्यातलं नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी पंधरा प्रश्नांची पट्टी आमच्याकडे आहे. उत्तर हो किंवा नाही. पाचाच्या वर गुण गेले की पुढची तपासणी. पण सून दारात आहे तोवर आजींचं एकच म्हणणं: सगळं बरंय, सून बघती. मग मी सुनेला आत नेऊन तिचाच बीपी बघायला घेते. बाहेर आजी बोलू लागतात. झोप नाही, छातीत धडधडतं, घास उतरत नाही, कशात जीव रमत नाही. मालक गेल्यावर संध्याकाळी शेजारच्या वस्तीवर जाऊन बसायच्या. बिबट्याचं भ्या वाढलं आणि दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली, तेही सुटलं.

आता अवघड प्रश्न. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, हे विद्यार्थिनीला पाठ आहे, तरी ती थबकते. माझ्याकडे बघते. मग विचारते. “देवानं न्यावं वाटतं पोरी, पर आपल्या हातानं न्हाई.” हे शब्द जसेच्या तसे लिहायचे. उत्तर ‘हो’ आलं असतं तर प्रश्नावली तिथेच थांबवायची, आजींना एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरच्यांना कुलपात ठेवायला सांगायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं, हे आमचं ठरलेलं आहे.

उशाशी झोपेच्या गोळ्यांची पाकिटं सापडतात. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, खुबा मोडतो. त्या एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून आशाताईंबरोबर तालुक्याच्या रुग्णालयात जायची चिठ्ठी देते. थायरॉइड आणि बी-12ही बघायला लिहिते.

1.00, न्हावरे
पिठलं-भाकरी. खाताना मी मुलांना आकडे सांगते. वार्धक्यावर देशभर झालेल्या ‘लासी’ पाहणीत, 2017-18 साली, साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे मात्र 0.8 टक्के. बाकीचे कुठे गेले, एक मुलगा विचारतो. ते दवाखान्यातच येतात रे, गुडघे दुखतात म्हणून, पोटात जळजळतं म्हणून. सलाईन लावून परत जातात. वयामुळे होतं असं, हे त्यांना डॉक्टरच सांगतात. एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही, मेडिसिनमध्येच त्याचे मोजके प्रश्न. मला हे घातक वाटतं आणि मी ते मुलांसमोर बोलून दाखवते.

2.30, भीमेपलीकडे
पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका. रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा. घरचे म्हणतात, विसरायला लागलेत. विद्यार्थी वार, तारीख विचारतो आणि शून्य गुण मांडायला जातो. मी त्याला समोर बसून, सावकाश, मोठ्यानं विचारायला लावते. आजोबा सगळं बरोबर सांगतात, वर जुन्या गाड्यांच्या वेळाही. कानाचा दोष स्मरणशक्तीच्या खात्यात जाणार होता. शेजारच्या आजींना तारीख येत नाही, पण संकष्टी कधी झाली ते अचूक ठाऊक. शाळा न पाहिलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला वेगळी चाचणी घडवली गेली, ती का लागली हे मुलांना आता समजावून सांगावं लागत नाही.

5.00
अंधाराआधी काम थांबवतो. घरोघर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

8.30, पुणे
प्रश्नावल्या संगणकात भरते. सकाळच्या आजींच्या कागदावर ‘लागलेला वेळ’ या रकान्यात एक तास दहा मिनिटं आहेत. आराखड्यात प्रत्येक घराला अर्धा तास धरलाय. पुढच्या फेरीसाठी मी दिवसाची घरं निम्मी करते आणि तसं पत्र विभागप्रमुखांना पाठवते.