चहाचे भांडे आणि चहाची चव

चहाच्या चवीवरून वाद निघाला, म्हणजे बोलणे चहाच्या पुडीवरून, दुधावरून, फार तर आल्यावेलदोड्यांवरून होते. ज्या भांड्यात तो केला व ज्या पेल्यातून तो प्यालो, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु ज्या चीन देशाने जगाला चहा दिला, तेथे भांड्याचा विचार फार जुना आहे. तांग राजवटीच्या काळी लू यू (७३३-८०४) नावाच्या विद्वानाने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने निरनिराळ्या ठिकाणच्या वाडग्यांची तुलना करून चक्क निवाडा दिला आहे. युए येथील निळसर झिलईच्या वाडग्यात चहा हिरवा दिसतो, म्हणून तो उत्तम. शिंग येथील शुभ्र वाडग्यात तो तांबूस दिसतो, म्हणून तो कमी प्रतीचा. पुढे सुंग राजवटीत चहाची पूड पाण्यात घुसळून तिच्यावर पांढरा फेस आणण्याची रीत पडली, तेव्हा त्याच देशातील रसिकांना काळे वाडगे प्रिय झाले. कारण पांढरा फेस काळ्यावर उठून दिसे. १३९१ साली मिंग सम्राट हुंगवू याने चहाच्या दाबून केलेल्या वड्या खंडणीत घेणे बंद केले. सुटी पत्ती पाण्यात मुरवण्याची पद्धत रूढ झाली आणि तिच्याबरोबर नळीची किटली पुढे आली. यीशिंग गावच्या जांभळट मातीच्या, बिनझिलईच्या किटल्या आजही नावाजलेल्या आहेत. त्यांच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे असल्याने त्यांत चहाचा वास मुरतो. म्हणून त्या साबणाने धूत नाहीत आणि जाणते लोक एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. लोणच्याच्या बरणीत मुरंबा भरू नये, हे आपल्या आजीला जसे ठाऊक असते, तसेच हे.

येथवर झाली डोळ्यांची आणि नाकाची गोष्ट. आता उष्णतेची पाहू. कारण माझ्या मते भांड्याची खरी करामत तेथेच आहे.

काळ्या चहाचा अर्क चांगला उतरण्यास पाणी उकळते लागते. समजा, २०० ग्रॅम उकळते पाणी आपण ३०० ग्रॅम वजनाच्या, चिनी मातीच्या थंड भांड्यात ओतले. चिनी मातीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे एकपंचमांश, म्हणजे ते भांडे उष्णतेच्या हिशेबात ६० ग्रॅम पाण्यासारखे वागते. भांडे २८ अंशांवर असेल, तर दोहोंचे तपमान एक होईपर्यंत पाणी सुमारे ८३ अंशांवर येईल. म्हणजे चहाची पत्ती उघडण्यापूर्वीच भांड्याने १७ अंश गिळले! आता हेच पाणी १०० ग्रॅम वजनाच्या पोलादी पेल्यात ओता. पोलादाची विशिष्ट उष्णता ०.१२ धरली, तर हिशेब ९६ अंशांच्या आसपास येतो. उदाहरण सोडवून पाहा. नववीच्या विद्यार्थ्यास ते अवघड नाही. चिनी मातीचे भांडे चहा गरम ठेवते, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. ते आरंभी पुष्कळ उष्णता घेते आणि मग ती सावकाश सोडते. पोलादी पेला आरंभी फारशी घेत नाही; परंतु त्याची पातळ भिंत ती लगेच बाहेर, म्हणजे आपल्या बोटांना, देते. ह्यावरचा उपाय सोपा आहे. चिनी मातीच्या किटलीत आधी थोडे उकळते पाणी फिरवून ते ओतून टाकावे, आणि मग पत्ती घालावी.

आपल्या घरी मात्र पत्ती, साखर, दूध सर्व एकत्र उकळतात. खाली विस्तव असल्यामुळे तपमानाची उणीव भांड्यामुळे पडत नाही. म्हणून आपल्या पद्धतीत भांड्याच्या वजनापेक्षा त्याचा धातू अधिक महत्त्वाचा ठरतो. चहात तुरट द्रव्ये असतात आणि तो किंचित आम्ल असतो. बिडाच्या कढईत कोरा चहा पंधरा मिनिटे ठेवून पाहा. तो काळवंडतो व त्याला लोखंडाची चव येते. लोखंड आणि तुरट द्रव्ये ह्यांच्या संयोगानेच पूर्वीची काळी शाई बनत असे, तेव्हा आपण पेल्यात थोडी शाईच केली म्हणा ना! जपानातील बिडाची प्रसिद्ध किटली केवळ पाणी तापवण्यासाठी असते. पत्ती घालावयाच्या किटलीला आतून मिन्याचा थर देतात, तो ह्याचसाठी. (ही तुरट द्रव्ये पोटातही तोच उद्योग करतात. भाजी-डाळीतील लोह त्यांच्यामुळे अंगी कमी लागते. तेव्हा ज्या मुलींना रक्त कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी तरी जेवणाला लागून चहा घेऊ नये.) तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून काश्मिरातील तांब्याच्या सामोवाराला आतून कल्हई असते. त्याच्या मधल्या नळीत निखारे आणि भोवती चहा, अशी ती सुंदर रचना आहे. ॲल्युमिनियम, ज्याला आपल्या बायका अजून ‘जर्मन’ म्हणतात, तेही आंबटाने थोडे विरघळते. लिंबाचा चहा त्यात उकळू नये, हे बरे.

पण चवीत फरक पडतो, हे सिद्ध कसे करावयाचे? मातीच्या पेल्यात चहा आला की तो गोड लागतो, असे पिणारा आधीच मनात धरून बसतो. ह्यासाठी आम्ही वर्गात एक सोपी परीक्षा केली. दोन भांड्यांत एकाच पुडीचा चहा, तितकेच पाणी आणि तितकाच वेळ ठेवून केला. मग तो एकसारख्या तीन पेल्यांत ओतला. दोन पेल्यांत एका भांड्यातला, तिसऱ्यात दुसऱ्यातला. डोळे बांधलेल्या विद्यार्थ्याने निराळा पेला ओळखावयाचा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येतेच. परंतु सलग सहा वेळा बरोबर येण्याचा संभव ७२९ मध्ये एक इतका अल्प आहे. बिडाच्या भांड्यातला चहा सर्वांनी ओळखला. पोलाद आणि आधी तापवलेली चिनी माती ह्यांच्यात मात्र मोठमोठे रसिक गोंधळले. इंग्रज शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात अशीच चहाची परीक्षा घेऊन संख्याशास्त्रातील एक मोठे तत्त्व समजावून दिले आहे. त्याच्या उदाहरणातील बाईंचे म्हणणे असे की, पेल्यात दूध आधी घातले की चहा, हे त्या चवीवरून सांगू शकतात. आठ पेल्यांपैकी दूध आधी घातलेले चार अंदाजाने अचूक निवडण्याचा संभव ७० मध्ये एक येतो.

चवीपलीकडेही पेल्याचा एक इतिहास आहे आणि तो कडू आहे. आपल्या देशात कित्येक हॉटेलांत दलितांसाठी फुटक्या कपबश्या किंवा वेगळे पेले बाहेर ठेवलेले असत, आणि चहा पिऊन ते त्यांनीच विसळून ठेवावेत अशी सक्ती असे. चहा तोच, आधण तेच; भेद केवळ भांड्याचा. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक हॉटेलातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. तथापि ‘वेगळ्या पेल्या’ची प्रथा खेड्यापाड्यांतून पुरती गेलेली नाही. उत्तरेकडील कुल्हड एकदा पिऊन फोडून टाकतात. त्याच्या मातीच्या सुगंधाचे कौतुक मीही करतो, पण दुसऱ्याच्या उष्ट्या भांड्याचा विटाळ हेही त्या फोडण्यामागचे एक कारण होते, हे विसरता येत नाही.

आज फेकून देण्याचा पेला कागदाचा झाला आहे. नुसत्या कागदात चहा टिकणार नाही, म्हणून आत बहुधा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांना २०२० साली असे आढळले की, ८५ ते ९० अंश तपमानाचे १०० मिलिलिटर पाणी अशा पेल्यात पंधरा मिनिटे ठेवले असता त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. ते पोटात जाऊन नेमके काय करतात, ह्याचा शोध चालू आहे. प्लास्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. कागदी पेल्यांवर ती नाही.

हे सर्व लिहिण्यास निमित्त आपल्या स्नेहसंमेलनाचे आहे. पाहुण्यांना, पालकांना आणि मंडप घालणाऱ्या कामगारांना चहा कशातून द्यावा, ह्यावर यंदा शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. कागदी पेल्यांचा खर्च आणि त्यांचा ढीग दोन्ही नकोत, ह्यावर एकमत झाले. मातीचे पेले इतक्या संख्येने मिळेनात. चिनी मातीचे फुटतील. पोलादी पेले गावात भाड्याने मिळतात. ते सर्वांना एकाच जातीचे, एकाच ताटातून दिले जातील. धुण्याचे काम राहिले. त्यासाठी तीन बादल्या मांडाव्या लागतील: पहिलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे आणि तिसरीत कढत. दहावीच्या मुलांनी पहिली पाळी मागून घेतली आहे. आठवी व नववीच्या मुलामुलींनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.