खांद्यावरची तोफ

तोफ म्हटली की तुम्हाला किल्ल्यावरची तोफ आठवेल. ती चार माणसांनासुद्धा हलत नाही. पण एक तोफ अशी आहे की सैनिक ती खांद्यावर घेऊन चालतो. तिचे नाव कार्ल गुस्ताफ. स्वीडन देशातल्या एका बंदुकांच्या कारखान्यावरून हे नाव पडले. तिथे ती १९४८ साली निघाली आणि १९७६ पासून आपल्या सैन्यात आहे. आता ती आपल्या देशातही बनते.

माझे थोरले चुलते तात्या पायदळात होते. तोफेची माहिती त्यांनी सांगितली, सालं गुरुजींनी तपासून दिली.

रणगाड्याला बंदुकीची गोळी लागली तर टण् करून उडते, आत जात नाही. मग पायी चालणाऱ्या सैनिकाने काय करायचं? म्हणून ही तोफ. म्हणजे एक लांब नळीच, दोन्हीकडून उघडी. जुनी तोफ सुमारे १४ किलोची होती, नवी हलकी आहे. तोंड ८४ मिलीमीटर रुंद.

एवढा मोठा गोळा सुटला तर खांदा मोडत कसा नाही, हे मला कळत नव्हतं. तात्या म्हणाले, विहिरीत ट्यूबवर बसून पुढे उडी मारलीस तर ट्यूब मागे जाते ना? पण त्याच वेळी दुसऱ्याने मागच्या बाजूने उडी मारली तर ट्यूब जागच्या जागी राहते. इथंही तसंच आहे. गोळा पुढे जातो आणि दारूचा जाळ व वाफ मागच्या तोंडातून जोरात बाहेर पडते. म्हणून खांद्याला झटका फार कमी बसतो.

पण मागे कोणी उभे असेल तर तो भाजतो, मरतोसुद्धा. आपल्या मैदानाएवढी जागा मागे मोकळी लागते. मागे भिंत असली तर जाळ उलटा अंगावर येतो. म्हणून उडवायच्या आधी मागे वळून पाहायचे, हा पहिला नियम.

गोळ्याची गंमत वेगळीच आहे. तो पहारीसारखा घुसत नाही. त्याच्या आत तांब्याचे नरसाळे असते, रुंद तोंड पुढे. त्याच्या मागे दारू. गोळा आपटला की दारू फुटते, नरसाळे आत चेपते आणि तांब्याची बारीक धार पुढे सुटते. ओला साबण मुठीत दाबला की सटकतो ना, तशी. पण ती बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी पट वेगाने जाते. ४०० मिलीमीटर पोलादाला भोक पडते. मी मोजले. एक अख्खी फूटपट्टी आणि वर दहा सेंटीमीटर!

खांद्यावरून रणगाडा फोडायची पहिली नावाजलेली नळी अमेरिकेची बाझुका, १९४२ सालची. ती रॉकेट उडवायची. एक विनोदी नट बाझुका नावाची नळी वाजवायचा. ही नळी तशीच दिसते म्हणून तेच नाव पडले. परमवीर अब्दुल हमीद यांनी १९६५ साली रणगाडे फोडले, ती तोफ मोठी होती, १०६ मिलीमीटरची, जीपवर बसवलेली. तिचाही जाळ मागेच निघायचा.

कार्ल गुस्ताफला दोन माणसे लागतात. एक नेम धरतो. दुसरा त्याच्या उजव्या हाताला बसून मागचे तोंड उघडतो व गोळा भरतो. तात्या गोळा भरायचे. आवाज इतका मोठा असतो की एका दिवसात थोडेच गोळे उडवू देतात, आणि कानात बोळे घालावेच लागतात. एकदा सरावात तात्यांचा डावा बोळा निसटला आणि तेवढ्यात तोफ उडाली. तेव्हापासून त्यांना त्या कानाने ऐकू येत नाही. आमच्या आळीतली काही मुले त्यांना मागून हाक मारतात आणि ते वळले नाहीत की हसतात. मला ते आवडत नाही. मी पण एकदा हसलो होतो, तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

शनिवारी दप्तर सुटल्यावर तात्या शाळेत येणार आहेत. ज्याला काही विचारायचे असेल त्याने त्यांच्या उजव्या बाजूला बसावे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी