साठावा गोल

१९२६ सालच्या उन्हाळ्यात उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलचा अपघात झाला आणि १९ वर्षांच्या एका तरुणाची कवटी फुटली, जबडा मोडला. जीव वाचला तरी पुन्हा फुटबॉल खेळणे कठीणच, असा डॉक्टरांचा होरा होता. पण काही महिन्यांतच हा पठ्ठ्या मैदानावर हजर! आणि तोही त्याच डोक्याने चेंडू जाळ्यात धाडायला.

विल्यम राल्फ डीन त्याचे नाव. जन्म १९०७ चा, बर्कनहेडचा. लोक त्याला ‘डिक्सी’ म्हणत. ते नाव त्याला मुळीच आवडत नसे. १९२५ साली एव्हर्टन संघाने ३,००० पौंड मोजून त्याला ट्रॅनमिअरकडून घेतले. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम सैल झाला. चढाई करणाऱ्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत, तिथे आता दोन पुरले. मग काय, गोलांचा पाऊसच! १९२६-२७ मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅम्सेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ गोल केले.

पुढच्याच हंगामाचा शेवटचा सामना ५ मे १९२८ रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर, आर्सेनलशी होता. अजिंक्यपद एव्हर्टनच्या खिशात पडलेलेच होते. सारे लक्ष डीनकडे. त्याचे गोल ५७. आणखी तीन हवेत! पहिला लवकर झाला, दुसरा पेनल्टीवर. मग घड्याळ पुढे सरकत राहिले, पण तिसरा काही होईना. जेमतेम आठेक मिनिटे उरली असता अलेक ट्रूपने कोपऱ्यावरून चेंडू उंच टाकला, डीनने उडी घेतली, आणि साठ! ३९ सामन्यांत ६० गोल. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत हा आकडा अजून कुणी गाठलेला नाही. आर्सेनलने अखेरीस ३-३ अशी बरोबरी साधली. पण त्याची खंत कुणाला?

या माणसाला पगार किती मिळत असेल? हंगामात आठवड्याला फार तर ८ पौंड! नियमाने त्याहून अधिक देताच येत नसे. ही वेतनमर्यादा १९६१ मध्ये उठली. डीनला तिचा काय उपयोग?

पुढे टॉमी लॉटन नावाचा कोवळा पोरगा संघात आला. हा आपली जागा घ्यायला आला आहे, हे डीनला स्वच्छ दिसत होते. तरी डोक्याने चेंडू मारण्याच्या खुब्या त्यानेच त्याला शिकवल्या. मला तर साठ गोलांपेक्षा हेच मोठे वाटते. १९३८ साली डीनने एव्हर्टन सोडले. नंतर चेस्टरला त्याने मद्यगृह चालवले. १ मार्च १९८० रोजी, गुडिसन पार्कवर एव्हर्टन-लिव्हरपूल सामना पाहत असतानाच, हृदयविकाराने त्याचा अंत झाला.